पिवळी प्रत, गुलाबी प्रत

मुलुंडच्या पंपांच्या कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि कागदोपत्री टायपिस्ट म्हणूनच रिटायर झाले. पण तिथल्या जुन्या माणसांना ‘टायपिस्ट जाधवबाई’ असं विचारलंत तर कोणाला काही आठवणार नाही. ‘बास्केटबॉलवाली मंदा’ म्हणा, लगेच ओळखतील. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाच चेंडू बास्केटच्या दिशेने फेकला. तो कॅन्टीनच्या पत्र्यावर जाऊन बसला आणि मेंटेनन्सवाल्यांकडून शिडी मागवावी लागली. मी खेळाडू नव्हते. मी स्कोअरर होते.

पंपांच्या कारखान्यात बास्केटबॉल कशाला, असं मला अजूनही विचारतात. त्या काळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आपल्याकडे मोठे संघ असायचे ते बहुतेक रेल्वेचे, पोलिसांचे, नाहीतर एखाद्या कंपनीचे. परदेशी स्पर्धेत ‘भारतातला क्लब’ म्हणून जायचे ते हेच लोक. मुलगा उंच आहे, खेळात बरा आहे, की त्याला नोकरी द्यायची. त्याने दुपारपर्यंत काम करायचं आणि मग शेडमागच्या सिमेंटच्या कोर्टवर घाम गाळायचा. आमचा कॅप्टन विजय तावडे सकाळी पंप जोडायचा आणि तीन वाजता बूट चढवायचा. परदेशात एकदा समोरच्या संघातल्या एकाने त्याला विचारलं, सीझन संपल्यावर तू काय करतोस? तावडे म्हणाला, पंप बनवतो. त्या माणसाला वाटलं याचा स्वतःचा कारखाना आहे, आणि तो पुढचे दोन दिवस तावडेशी फार अदबीने वागला.

मला या कामाला लावलं राणेसरांनी. ते संघाचे कोच. मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत, स्वतः आधी आमच्याच मशीन शॉपमध्ये. रागावले किंवा खूश झाले की मालवणीत जायचे, एरवी साधं मुंबईचं मराठी. एक दिवस ते टायपिंग सेक्शनमध्ये आले आणि प्रत्येकीच्या टेबलावरची वही उघडून अक्षर बघत सुटले. माझ्यापाशी थांबले.

“ह्या तुझा अक्षर?”

“हो सर.”

“तू बास्केटबॉल बघतेस?”

“नाही सर.”

“झकास. मग तू कोणाच्या बाजूची नाय. उद्या तीन वाजता ये.”

स्कोअररचं काम बाहेरच्यांना समजावून सांगायचं तर असं. कोर्टच्या मधोमध, रेषेबाहेर एक टेबल असतं. तिथे घड्याळवाला बसतो आणि त्याच्या शेजारी स्कोअरर. समोर एक मोठा छापील कागद. त्यावर दोन्ही संघांची नावं, प्रत्येक खेळाडूचा नंबर, आणि एकपासून वर चढत जाणारे आकडे. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी ती कोणी केली त्याचा नंबर लिहायचा. कोणी फाऊल केला की त्याच्या नावापुढे खूण. पाच खुणा झाल्या की तो बाहेर, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. सामना संपल्यावर स्कोअरर सही करतो, मग पंच. पंचांची शेवटची सही झाली की तो सामना जगासाठी तसाच झाला. प्रेक्षक काय म्हणतात याला काही अर्थ उरत नाही.

कागदाखाली कार्बन असतात. पहिली पांढरी प्रत आयोजकांना. गुलाबी जिंकणाऱ्याला, पिवळी हरणाऱ्याला. एवढं लक्षात ठेवा, बाकी नाही ठेवलंत तरी चालेल.

कामात गंमती पुष्कळ होत्या. तीन गुणांचा नियम आला, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण, तेव्हा आमच्या पेंटरने ती रेषा मापाच्या टेपऐवजी सुतळीने आखली. एका बाजूची बरोबर आली आणि दुसऱ्या बाजूची वीतभर आत. आमच्या पोरांनी हे पंधरा दिवस कोणाला कळू दिलं नाही. दरवेळी टॉस जिंकला की नेमकी तीच बाजू मागायचे. मला कळलं ते अशामुळे की माझ्या कागदावर तीन गुणांचे गोल (तीनवाली बास्केट असली की नंबराभोवती गोल करायचा) सगळे एकाच हाफमध्ये पडत होते.

आणि एक गृहस्थ आठवतात, चेंबूरहून आलेले, काखेत छत्री. आमच्या एका खेळाडूचं त्यांच्या मुलीशी जमत होतं. मला म्हणाले, “मुलाचे गुण किती, ते तुमच्याकडे कळेल असं म्हणाले.” मी रजिस्टर काढून सांगितलं, मागच्या सामन्यात बावीस. ते विचारात पडले. “छत्तीसापैकी?” मी म्हटलं, “नाही काका, चाळीस मिनिटांत.” लग्न झालं त्या दोघांचं. बरं चाललंय.

असो. मला सांगायचंय ते वेगळंच.

आमचा संघ त्या दशकात दोनदा आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेला गेला. मी दोन्ही वेळा गेले नाही. संघाबरोबर टायपिस्टला कोण नेणार? पहिल्या वेळी ठरलं होतं की राणेसर रोज दुपारी ट्रंककॉल करून निकाल सांगतील आणि मी टाईप करून एक प्रत नोटीस बोर्डावर लावीन, एक देशाच्या संघटनेला पाठवीन.

चार दिवस फोन आला तो पराभवाचाच. समोर असायचे ते क्लब म्हणजे वर्षभर दुसरं काही न करणारे लोक. आमच्या सगळ्यात उंच मुलाच्या डोक्यावरून चेंडू द्यायचे. पाचव्या दिवशी शेवटचा सामना होता. पर्सोनेलच्या खोलीत फोन वाजला तेव्हा माझ्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. लाईन अशी की समुद्राखालून बोलतोय माणूस.

“मंदा... शेवटची मॅच... एका गुणान...”

पुढचं खरखरीत गेलं. मागे खूप आरडाओरडा ऐकू येत होता. मी ओरडले, “सर, जिंकलो?”

“हां... हां...”

आणि लाईन तुटली.

मी वळून म्हटलं, “जिंकलो. एका गुणाने.” मग मला काही ऐकूच आलं नाही, एवढा गलका झाला. मी तसंच टाईप केलं. ‘विजय, एका गुणाने.’ बोर्डावर लावलं, संघटनेला पाठवलं. आपल्या देशाच्या कारखान्याच्या संघाने बाहेर जाऊन सामना जिंकला! 

संघ आला त्या दिवशी गेटवर लेझीम होतं, ताशा होता. फाउंड्रीवाल्यांनी स्वतः हार आणले होते. राणेसर गाडीतून उतरले आणि त्यांनी हात वर केला. मला वाटलं हात दाखवतायत. त्यांच्या गळ्यात एवढे हार पडले की फक्त चष्मा दिसत होता. पुढच्याच आठवड्यात तावडेला कायम केलं. तोपर्यंत तो टेंपररी होता.

मी सरांना म्हटलं, “त्या मॅचची गुलाबी प्रत द्या ना, फाईलला लावते.”

“तिकडेच ठेवून घेतली त्यांनी,” ते म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

मी सोडून दिलं. कागद हातात आल्याशिवाय निकाल लिहायचा नाही, हे ज्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिने सोडून दिलं.

दुसऱ्या वेळची गोष्ट वेगळी. त्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं होतं. मॅनेजमेंट आणि युनियन दोघंही हटत नव्हते, गेटवर पोलीस बसलेले. माझा टाईपरायटर आत, मी चेंबूरला घरी. पण स्पर्धेचं आमंत्रण आधीच आलेलं होतं, तिकिटंही आयोजकांनी धाडलेली. दहातल्या तीन मुलांनी गावाकडची वाट धरली होती. उरले सात. त्या सातांना घेऊन राणेसर घाटकोपरच्या एका शाळेच्या मैदानावर सराव करत होते, आणि त्या सातांना घेऊनच ते गेले. फोन करायला ऑफिसच उघडं नव्हतं. ते कधी गेले, कधी आले, कोणाला पत्ता नाही. गेटवर स्वागताला तर कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन-तीन आठवड्यांनी गेटची खबर घ्यायला गेले, तेव्हा मुलुंडच्या बाजारात तावडे भेटला. हातात मेथीची जुडी.

“मंदाताई, शेवटची मॅच काढली आम्ही.”

“काढली म्हणजे?”

“जिंकलो. शेवटी पाचाचे चौघंच उरलो होतो कोर्टवर. चौघांनी काढली.”

मी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो हसला, आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो. तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात एकच विषय होता, गेट कधी उघडणार. सामन्याचं कोणी कोणाला कळवलं नाही.

कारखाना वर्षभराने सुरू झाला. माणसं कमी झाली होती, संघही अर्धा उरला होता. माझं टेबल पुसून घेतलं, टाईपरायटरची रिबन वाळली होती ती बदलली. त्यानंतर काही महिन्यांनी देशाच्या संघटनेकडून एक जाडसर लिफाफा आला. आशियाच्या क्लब स्पर्धेवर एक पुस्तक निघणार होतं. त्यात प्रत्येक देशाच्या क्लबांनी आजवर काय केलं त्याची नोंद. आपल्या देशाच्या पानाचा कच्चा मसुदा जोडला होता. काही दुरुस्ती असल्यास पंधरा दिवसांत, पुराव्यासह कळवावी.

मी ते पान वाचलं. वेगवेगळ्या वर्षी गेलेले आपले वेगवेगळे संघ, आणि रकान्यात बहुतेक एकच शब्द, पराभव. मला त्याची लाज वाटली नाही. दुपारपर्यंत काम करून मग खेळणाऱ्यांनी तिथवर जावं आणि प्रत्येक सामना शेवटपर्यंत खेळावा, यात लाजण्यासारखं काय आहे? आमच्या संघाच्या पहिल्या वेळेपुढे एक ‘विजय’ होता, मी टाईप केलेला. तो बघून जरा ताठ बसले.

मग खालची ओळ वाचली. दुसरी वेळ, शेवटचा सामना. ‘भारतीय संघ गैरहजर. प्रतिस्पर्ध्यास पुढे चाल.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हरणं वेगळं आणि न येणं वेगळं. चार जणांनी जीव काढून जिंकलेला सामना, आणि कागद म्हणतो ते आलेच नाहीत!

मी तडक राणेसरांकडे गेले. त्यांनी वाचलं आणि टेबलावर मूठ आपटली. झालं असं होतं की तो सामना शेवटच्या नंबरांसाठीचा, मोठा हॉल फायनलसाठी झाडत होते म्हणून बाजूच्या एका शाळेत सकाळी सकाळी घेतलेला. विमानाची वेळ जवळ होती, आधी संघाने ‘कदाचित खेळता येणार नाही’ असं कळवलेलं. पांढरी प्रत कुठेतरी गहाळ झाली असणार, आणि कोणीतरी गृहीत धरलं की भारताचा संघ निघून गेला.

“गुलाबी प्रत कुठाय सर?”

“कपाटात बघ. नायतर तावडेकडे.”

स्पोर्ट्सचं कपाट म्हणजे फुटके चेंडू, शिट्ट्या, घामट पट्ट्या. मी सगळं जमिनीवर काढलं. तळाशी सरांची मलमपट्टीची पत्र्याची पेटी होती. तिच्या झाकणाच्या आत एक घडी केलेला कागद खोचलेला. उघडला. स्कोअरशीट होतं. पण वर्ष पहिल्या वेळचं. शेवटचा सामना. एका गुणाचा फरक.

आणि कागद पिवळा.

मी आकडे पुन्हा मोजले. रेघा मोजायला मला कोणाची मदत लागत नाही. आम्ही एका गुणाने हरलो होतो. खाली कोच म्हणून राणेसरांची सही होती, ठसठशीत.

मी तो कागद घेऊन कोर्टवर गेले. ते दोन मुलांना फ्री थ्रो शिकवत होते. माझ्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला. मुलांना पाणी प्यायला पाठवलं.

“सर, हा पिवळा आहे.”

“कागद जुनो झालो की पिवळो पडताच.”

“सर.”

ते बाकावर बसले. चष्मा काढून शर्टाने पुसला. “मी फोनवर तुका सांगी होतय, एका गुणान हरलो, पण पोरगे वाघासारखे खेळले. तू काय विचारलंस ता माका ऐकाकच येय नाय. मी आपलो हां, हां करतोय, लाईन असा की गेली म्हणान.”

“आणि गेटवर?”

“गेटवर मी हात वर केलंय. सांगूचा होता, थांबा म्हणान. ताशे कोण थांबवतलो गो? मग मॅनेजर येऊन हात मिळवून गेलो. मग तावडेचा काम कायम झाला. मग कधी सांगू?”

माझा राग कुठल्या कुठे गेला, कारण मला दिसलं की चूक मुळात माझी होती. ती बातमी मी बनवली. त्यांनी फक्त ती मोडली नाही. ज्या अक्षरावर त्यांनी विश्वास टाकला त्याच अक्षराने त्यांना एवढी वर्षं अडकवून ठेवलं होतं.

“दुरुस्ती पाठवायला लागेल,” मी म्हटलं. “दोन्ही.”

“दुसरी पाठव. पयली रवांदे. दोन विजय दिसतले आपल्या देशाच्या नावावर. कोणाचा वाईट होतला त्यात?”

“ज्यांनी तो सामना खरंच जिंकला त्यांचं.”

त्यांनी पाणी प्यायला गेलेल्या मुलांना हाक मारली. पत्र त्यांच्या सहीशिवाय जाणार नव्हतं, स्पोर्ट्स सेक्शनचे सेक्रेटरी तेच होते. आणि त्यांना निवृत्तीला वर्ष उरलं होतं. टाळेबंदीनंतर मॅनेजमेंट कोणाला ना कोणाला काढायला कारणं शोधतच होती. त्या एका ‘विजया’वर तावडेची नोकरी उभी आहे असं त्यांना वाटत होतं, आणि खरं म्हणजे मलाही.

रविवारी मी नाहूरला तावडेच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात त्याचे ते प्रचंड बूट. त्याच्या बायकोने पोहे केले. तावडेने लोखंडी कपाटातून शाळा सोडल्याच्या दाखल्यांची फाईल काढली आणि त्यातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. गुलाबी. पंचांची सही होती. मी एक क्षण त्यावर नुसता हात ठेवला.

मग त्याला पिवळ्या कागदाचं सांगितलं. तो सगळं ऐकेपर्यंत पोह्याची बशी हातात धरून बसला होता.

“मला माहीत होतं ताई. त्या मॅचला मीच होतो ना कोर्टवर. शेवटचा शॉट माझाच हुकला.”

“मग बोलला का नाहीस?”

“गेटवर आई आली होती माझी. फाउंड्रीतल्या बायकांबरोबर उभी होती. मी काय तिच्यासमोर सांगणार, आई, घरी जा, हरलोय?” त्याने बशी खाली ठेवली. “नंतर मग रोजचं झालं ते. पण कोणी त्या मॅचचं नाव काढलं ना, की मी उठून पाणी प्यायला जायचो.”

“हे कळवलं तर तुझ्या नोकरीला काही झालं तर?”

तो हसला. “मंदाताई, मी नऊ वर्षं पंप जोडतोय. एक परत आलेला नाही. मला कायम केलं ते मॅचमुळे असेल, ठेवलंय ते कामामुळे. लिही तू. बिनधास्त लिही.”

त्याच दुपारी मी तिथून भांडुपला राणेसरांकडे गेले. वहिनींनी दार उघडलं. सर बनियनवर बसून पेपर वाचत होते. मी पिशवीतून गुलाबी कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

“वाचून दाखव,” म्हणाले. “चष्मो आत आसा.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

स्कोअरशीट वाचता येणारी माणसं कमी. पण ज्याला येतं त्याला त्यात पूर्ण सामना दिसतो. मी वाचायला लागले.

“सातच नावं. पहिल्या हाफमध्ये आपण मागे. सात नंबरचे दोन फाऊल, नऊ नंबरचे तीन. हाफनंतर अकरा नंबरच्या नावापुढे काहीच नाही, ना बास्केट ना फाऊल.”

“पाय मुरगळलो त्याचो. बाकावर बर्फ लावन बसलेलो.”

“मग नऊ नंबरला पाचवा फाऊल. बाहेर. आता पाच उरले. मग सात नंबरला पाचवा.”

“चार मिनिटां होती,” सर म्हणाले. “चार मिनिटां आणि चार माणसां. समोर पाच.”

“इथे त्यांच्या पाच रेघा लागोपाठ आहेत. आपली एकही नाही. इथे तुम्ही टाइमआऊट घेतलाय.”

“शेवटचो होतो तो.”

“टाइमआऊटनंतर त्यांची एकच रेघ. पूर्ण सामना संपेपर्यंत एकच, सर. आणि आपल्या... चार नंबर. पुन्हा चार नंबर. सहा नंबर. आणि हा शेवटचा, चार नंबरभोवती गोल.”

चार नंबर तावडेचा. शेवटच्या तीन गुणांनी आम्ही दोन गुणांनी वर गेलो होतो. तिथे खाली दुहेरी रेघ आणि सह्या.

मी वर बघितलं तर सरांचे डोळे भरले होते. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तो सामना पहिल्यांदाच ऐकला होता. म्हणाल्या, “ह्या तुम्ही घराकडे कधी सांगूक नाय?”

“सांगतलय काय? लोकांका वाटता, आम्ही आधीच जिंकून इलो होतो. दुसऱ्यांदा जिंकलो म्हटला तर म्हणतले, बरा.” त्यांनी हात पुढे करून गुलाबी कागद घेतला. मग म्हणाले, “ह्या एवढा असताना माका त्या पिवळ्याची काय गरज होती गो? पेन दे.”

पत्र मी टाईप करून नेलेलंच होतं. त्यात दोन दुरुस्त्या होत्या. एक, दुसऱ्या वेळी संघ गैरहजर नव्हता, त्याने सामना जिंकला. सोबत गुलाबी प्रतीची फोटोकॉपी. दोन, पहिल्या वेळचा विजय हा टेलिफोनवर ऐकण्यात झालेली चूक. सोबत पिवळी प्रत. चूक टायपिस्टची, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. सरांनी ते वाक्य वाचलं, पेनाने त्याखाली दोन शब्द घातले, ‘आणि कोचची’, आणि मग सही केली. अख्ख्या नोकरीत खाडाखोड असलेलं पत्र मी ते एकच पाठवलं.

सोमवारी एक प्रत मी स्वतः पर्सोनेल ऑफिसरच्या टेबलावर ठेवली. नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. त्यांनी दुपारी आम्हा तिघांना बोलावलं. सर पुढे, त्यांच्या मागे तावडे, दारात मी. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

“तावडे, तू मशीन शॉपमध्ये की असेंब्लीत?”

“असेंब्लीत साहेब.”

“मग इथे काय करतोयस? जा, काम बघ.” आणि मला म्हणाले, “फाईलला लावा.” झालं. एवढ्यासाठी आम्ही इतक्या रात्री झोपलो नव्हतो.

पुस्तक आलं त्याला आणखी सात-आठ महिने गेले. मी आधी आपलं पान उघडलं. पहिल्या वेळेपुढे, पराभव, एक गुण. दुसऱ्या वेळेपुढे, विजय, दोन गुण. त्याच्याखाली बारीक अक्षरात, ‘भारतीय संघ अखेरीस चार खेळाडूंनिशी’. आमच्या संघाच्या नावावर आधीही एकच विजय होता, आताही एकच. कोणी नुसती बेरीज केली असती तर त्याला काही बदललेलं दिसलं नसतं. पण ती ओळ जशी घडली तशी छापलेली होती, आणि ती माझ्या टेबलावरून गेली होती. मला माझ्या नोकरीत इतका अभिमान दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही, खोटं कशाला बोलू.

खंत एका गोष्टीची आहे. त्या सातांपैकी तिघांनी तोपर्यंत खेळ सोडला होता आणि दोघांनी मुंबई. पुस्तक त्यांना दाखवायला मी पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं.

पुस्तक आलं त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत राणेसर ते घेऊन कॅन्टीनमध्ये गेले आणि बाकावर चढले. कॅन्टीनमध्ये त्यांना कोणी असं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे आपोआप शांत झालं. त्यांनी मालवणीत नाही, स्वच्छ मराठीत सांगितलं. आधी पहिल्या वेळचं. आम्ही हरलो होतो, तुम्ही आमचा सत्कार केलात, मी गप्प राहिलो, ते चुकलं. मग दुसऱ्या वेळचं. ते सांगून झाल्यावर ते खाली उतरले आणि कुठे बघावं ते न कळून पुस्तकाकडे बघत राहिले.

 पार मागून फाउंड्रीत साचे बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या मोल्डरने विचारलं, “ओ राणे, पण चौघांनी पाच जणांना अडवलं कसं?”

सरांनी मान वर केली. “तसं सांगून नाही कळणार,” ते म्हणाले. “ग्लास आणा.”

कोणीतरी स्टीलचे नऊ ग्लास आणले. सरांनी जेवणाचं टेबल हाताने पुसलं, पाच ग्लास एका बाजूला मांडले आणि चार त्यांच्यासमोर चौकोनात. “याला मी सांगितलं, तू चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त रिंगखाली उभा राहा. आणि हा तावडे, हा धावणार. इकडून तिकडे, दोघांचं काम एकटा.” ग्लास सरकत होते, माणसं बाकांवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती. तावडे डबा हातात धरून गर्दीच्या मागे उभा होता. त्याला कोणीतरी दंडाला धरून पुढे ओढलं आणि म्हणालं, “तू ये ना, तू सांग, शेवटचा कुठून मारलास?”

त्याने एक ग्लास उचलला, टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवला, आणि म्हणाला, “इथून.”

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. कोणी हललं नाही.